निवृत्त बाई आणि तिचे गणगोत

जालन्याहून भोकरदनकडे निघाले, की वाटेत राजूर लागते. गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ म्हणून ह्या गावाची ख्याती आहे, हे आपणांस सांगावयास नकोच. अंगारकी चतुर्थीला आसपासच्या जिल्ह्यांतून माणसे नुसती लोटतात. कुणी पायी येतो, कुणी एसटीने, कुणी ट्रॅक्टरमध्ये सारे घर घालून येतो. ज्यांचे कोणी नातेवाईक राजुरात आहेत, ती मंडळी दर्शन झाले म्हणजे त्या घरी टेकतातच. अशा घरांत एखादे घर निवृत्त शिक्षिकेचे असते, आणि तेथे ओसरीपुढचा चपलांचा ढीग अंमळ मोठाच असतो. "बाईकडं जाऊ, घोटभर चहा घेऊ, लेकराच्या अ‍ॅडमिशनचंही इचारू," असे म्हणत माणसे येतात.

आज मला ह्या बाईंविषयी बोलावयाचे आहे. शाळेतल्या बाईंविषयी आपण पुष्कळ बोलतो. शिक्षकदिनाला हार घालतो. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि दोन तास भाषणे होतात. पण ती शाल घडी करून ट्रंकेत गेली, की पुढे काय? बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात. देवाच्या दयेने पुढे वीस-पंचवीस वर्षे आयुष्य असते. त्या वर्षांविषयी कोणी भाषण करीत नाही. ती बहुधा गणगोतासाठी खर्ची पडतात. दीर-जावा, भाऊ-भावजया, भाचे-पुतणे आणि त्यांची लेकरेबाळे ह्यांच्यासाठी. हा खर्च कसा होतो, त्यातून घराला काय लाभते, आणि घराने बाईंना काय परत द्यावयास हवे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

आपण अशी एक बाई डोळ्यांपुढे आणू या. तिला नाव द्यावयास नको. तुमच्या गावातली जी आठवेल ती घ्या. समजा, तिचा जन्म १९६५ सालचा. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या, म्हणजे ही मुलगी आणि जिल्हा परिषदेची शाळा जवळजवळ बरोबरीनेच वाढल्या म्हणा ना! तेव्हा राजूर औरंगाबाद जिल्ह्यात होते. ती सात वर्षांची असताना १९७२ चा दुष्काळ पडला. आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडीत होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि घरात तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. त्या काळी खेड्यातल्या मुलीने मॅट्रिक होऊन डी.एड.ला जाणे ही सोपी गोष्ट नव्हती. सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के जागा राखून ठेवणारे महिला धोरण १९९४ साली आले. आपली ही बाई त्याच्या आधीच नोकरीला लागलेली.

मग ती शिक्षिका झाली कशी? येथे थोडे थांबले पाहिजे. ती एकटी झाली नाही. थोरल्या भावाने शाळा सोडून औत धरले, म्हणून हिची शाळा चालू राहिली. कापसाची पट्टी आली, त्यातून पहिला हप्ता हिच्या फीचा गेला. लग्न झाल्यावर पहिली नेमणूक एखाद्या वस्तीवर मिळाली. मधे ओढा. पावसाळ्यात दीर सायकलवरून पलीकडे पोचवीत असे. तान्हे मूल जावेच्या ओटीत टाकून ती शाळेत जाई. जाऊ स्वतःच्या लेकराबरोबर त्यालाही भरवी. बदली लांबच्या गावी झाली, तेव्हा सासूने आपले माळवदाचे घर सोडले आणि सुनेबरोबर भाड्याच्या खोलीत राहिली, कारण एकट्या बाईला गावात कोणी खोली देत नव्हते. सेवापुस्तकात नेमणुकीची तारीख असते, बदल्यांच्या नोंदी असतात. जावेची, सासूची, औत धरणाऱ्या भावाची नोंद त्यात कोठेच नसते. पण बाईंना ती तोंडपाठ असते. "माझ्या नोकरीत त्यांचा वाटा आहे," हे त्या विसरत नाहीत. निवृत्तीनंतर त्या गणगोतासाठी राबतात त्याचे मूळ येथे आहे. लोक त्याला माया म्हणतात. मायेबरोबर तेथे कृतज्ञताही आहे, आणि घेतलेले फेडावे हा जुना शेतकरी बाणाही आहे.

ही रीत आजची नाही. आपल्या महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात पाहा. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई ह्या विधवेशी विवाह केला. ह्या गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. पुढे त्या आनंदीबाई झाल्या आणि घरीदारी 'बाया' म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाली. पदरी एक मुलगा. अक्षरओळख बेताची. ती देवरुखाकडून पुण्यात आली ती बहिणीच्याच घरी, मुलाला घेऊन. तेथे राहून ती शिकली. १८९६ साली स्थापन झालेल्या अनाथ बालिकाश्रमाचे काम तिने पत्करले. आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. आणि १९१८ साली, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, ती अमेरिकेला गेली. तेथे लोकांच्या घरी कामे करून इंग्रजी शिकली आणि आश्रमासाठी पैसे घेऊन परत आली! पार्वतीबाईंची 'माझी कहाणी' १९२८ साली प्रसिद्ध झाली.

आता विचार करा. बहिणीचे घर नसते, तर विसाव्या वर्षीची ती विधवा कोठे गेली असती? "माय मरो, पण मावशी उरो," असे आपल्याकडे म्हणतात. मावशीच्या घरी पार्वतीबाईंच्या मुलाला आसरा मिळाला, म्हणून महाराष्ट्राला पार्वतीबाई मिळाल्या.

पण ह्या कहाणीला दुसरी बाजू आहे, तीही ऐका. कर्वे ह्यांनी आपली मिळकत आश्रमाकडे वळविली आणि घरखर्चाची ओढाताण बायांच्या वाट्याला आली. येणारेजाणारे, आश्रयाला आलेले, आपली मुले, सर्वांचे पान वाढावयाचे ते त्यांनीच. महर्षींचे चरित्र पुष्कळांनी लिहिले. बायांनी मात्र आपली बाजू आपणच लिहिली; 'माझे पुराण' हे त्यांचे आत्मचरित्र १९४४ साली प्रसिद्ध झाले. घर चालविणारीचा हिशेब तिने स्वतः मांडला, तेव्हा तो आपल्यापर्यंत पोचला. आपल्या गावातल्या किती बायांनी असा हिशेब मांडला आहे?

आता पुन्हा आपल्या राजूरच्या बाईकडे येऊ. निवृत्तीनंतर ती गणगोतासाठी काय करते? मुख्य कामे तीन दिसतात.

पहिले काम लेकरे सांभाळण्याचे, आणि सांभाळता सांभाळता शिकविण्याचे. जालना, बीड ह्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी किती माणसे बाहेर पडतात, हे आपण जाणता. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा कोयता फडावर गेलाच पाहिजे. मग शाळेतल्या लेकरांचे काय? शासनाने हंगामी वसतिगृहाची सोय केलेली आहे. तरी पुष्कळ लेकरे आजीकडे, आत्याकडे, चुलतीकडे राहतात. ज्या घरात निवृत्त बाई आहे, तेथील लेकराचे वर्ष वाया जात नाही. पाटी सुटत नाही, पाढे सुटत नाहीत. संध्याकाळी दिवेलागणीला चार-सहा लेकरे ढाळजेत बसून वाचताना दिसतात; त्यांत दोन घरची, एक भाच्याचे आणि एक शेजाऱ्याचेही असते. फडावर गेलेल्या आई-बापाला रात्री फोनवरून कळते, की लेक आज धडा न अडखळता वाचून दाखवू लागली. ही केवढी निश्चिंती!

दुसरे काम कागदाचे. पीकविम्याचा फॉर्म, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे पासबुक, दवाखान्याची चिठ्ठी. गणगोतातला प्रत्येक कागद एकदा बाईंच्या चष्म्याखालून जातो. मी महाविद्यालयात शिकवितो. प्रवेशाच्या वेळी मुलींना विचारतो, "फॉर्म कोणी भरून दिला?" कोणी म्हणते, "आत्यानं. ती बाई होती ना जिल्हा परिषदेत." कोणी म्हणते, "मोठ्या आईनं." घरात एक शिकलेली स्त्री असली, तर घरातल्या दुसऱ्या पिढीला दार ठोठावत फिरावे लागत नाही.

तिसरे काम सर्वांत अवघड, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे. ते म्हणजे घरात "नाही" म्हणण्याचे. दहावी झालेल्या पुतणीला स्थळ येते. "पोरगा चांगला हाय, पुन्हा असं स्थळ येयाचं नाही," असे सारे म्हणतात. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले, की महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेले होते. म्हणजे पाचांमागे एक. मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण त्याहून बरेच जास्त आहे. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा दूरध्वनी आहे. पण पाहुणे ओसरीवर बसलेले असताना त्यांच्यासमोर उभे राहून कोणी बोलावयाचे? मुलीची आई बोलू शकत नाही. मुलगी तर नाहीच. तेथे बाई बोलते. "पोरीला बारावी होऊ द्या. खर्चाचं मी बघते." ह्या दुसऱ्या वाक्यामुळे पहिल्या वाक्याला वजन येते. बाईंच्या पेन्शनमधून घरात किराणा येतो, औषधे येतात, हे सर्वांना माहीत असते. म्हणून त्यांचा शब्द कोणी सहजासहजी मोडीत नाही. कायदा जेथे उशिरा पोचतो, तेथे आत्या आधीच बसलेली असते.

श्रोतेहो, इतका वेळ मी बाईंचे गुण गायिले. आता थोडे कडू बोलतो.

जी बाई एवढे करते, तिला आपण काय म्हणतो? "देवमाणूस." शब्द मोठा गोड आहे. पण देवाला रजा नसते, हे ध्यानात घ्या. एकदा देवमाणूस म्हटले, की तिने थकू नये, आजारी पडू नये, "आज माझ्याने होत नाही" असे म्हणू नये. शाळेत असताना बाईंना रविवार होता, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुटी होती. निवृत्तीनंतर सुटी संपली. "आता तुम्हांला काय काम? रिकाम्याच तर हायत," असे म्हणत एक जण लेकरू ठेवून जातो, दुसरा म्हातारी ठेवून जातो.

हे रिकामेपण किती रिकामे असते, ते पाहा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली, माणसे दिवसाचे चोवीस तास कसे घालवितात ह्याची. घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात, असे आढळले. म्हणजे जवळजवळ पाच तास. अशी कामे करणारे पुरुष सरासरी ९७ मिनिटे घालवितात. आणि मुळात ती करणारे पुरुषच थोडे. बाईंच्या शाळेची वेळ साधारण एवढीच होती! म्हणजे शाळा सुटली आणि दुसरी शाळा भरली. तिला हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही आणि घंटाही नाही.

आता पैशाचे बोलू. पैशाचे बोलणे आपल्याकडे वाईट दिसते, पण न बोलल्यामुळे जे होते ते त्याहून वाईट दिसते. बाई निवृत्त झाल्या, की उपदान मिळते, भविष्यनिर्वाह निधी मिळतो. पेन्शनचा काही भाग, ४० टक्क्यांपर्यंत, विकता येतो; तो १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. ही रक्कम हातात येण्याआधीच गणगोतात तिची वाटणी झालेली असते. एकाला बोअर घ्यायचे असते, एकाला गाडी, एकाला लेकीचे लग्न उरकायचे असते. बाई देऊन टाकतात. कोणी राहते घर, कोणी वाट्याची जमीनही पुतण्याच्या नावे करून देते, "शेवटी त्यांचंच आहे" असे म्हणून.

येथे चार गोष्टी सर्वांनी समजून घ्याव्यात, असे मला वाटते.

पहिली ही, की बाईंची पेन्शन ही बाईंबरोबर संपते. त्यांच्यामागे कुटुंबनिवृत्तिवेतन मिळाले, तर पतीला किंवा ठरावीक वयापर्यंत मुलांना मिळते. पुतण्याला, भाच्याला मिळत नाही. म्हणून जे घर तिच्याच पेन्शनवर उभे आहे, त्या घराने आपला दुसरा खांब वेळीच रोवावा.

दुसरी गोष्ट. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर जे सेवेत आले, त्यांना जुन्या पद्धतीच्या पेन्शनऐवजी अंशदानाची योजना लागू झाली. ह्याच प्रश्नावर मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी व शिक्षक संपावर गेले होते. म्हणजे आजच्या तरुण शिक्षिकेची म्हातारपणाची बेगमी तिच्या जुन्या बाईंसारखीच असेल, असे घराने गृहीत धरू नये.

तिसरी गोष्ट कायद्याची. आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. साठ वर्षांवरील माणसाला, स्वतःच्या मिळकतीतून भागत नसेल तर, ह्या कायद्याने निर्वाह मागता येतो. ज्याला मूलबाळ नाही, त्याचा जो नातेवाईक त्याच्या मालमत्तेचा वारस होणार आहे किंवा ती मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यावरही ही जबाबदारी येते. दाद मागावयाची ती प्रांताधिकाऱ्यांकडे.

चौथी गोष्ट त्याच कायद्यातली. जमीन किंवा घर बक्षीस करून देताना "माझा सांभाळ करावा" ही अट त्या बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. अट मोडली, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. बाईंनी हजार मुलांना "लिहून काढा, म्हणजे विसरणार नाही" असे शिकविले. तो धडा त्यांनी स्वतःही गिरवावा. लिहून घेण्यात अविश्वास नाही. चांगल्या पुतण्याला त्या अटीचे भय वाटण्याचे कारण नाही.

मी हे कोर्टकचेरीला उत्तेजन देण्यासाठी सांगत नाही. कायदा ही शेवटची पायरी. पहिली पायरी घरातच आहे, आणि ती फारशी उंच नाही. बाईंची पेन्शन बाईंच्याच खात्यात राहू द्या आणि पासबुक त्यांच्याच पिशवीत राहू द्या. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यावयाचा असतो, त्यासाठी घरातल्या तरुणाने आपणहून त्यांना बँकेत न्यावे. लेकरू ठेवून जाण्याआधी "जमेल का?" असे विचारावे, आणि "नाही" आले तर तोंड वाकडे करू नये. आठवड्यातला एक दिवस बाईंचा. त्या दिवशी त्यांच्याकडे ना लेकरू, ना कागद, ना चूल. भाकऱ्या थापणारे हात घरात दुसरेही असतात, आणि ते पुरुषांचे असले तरी भाकरी फुगते.

ज्या शिक्षिका आज ऐकत आहेत किंवा उद्या हे वाचतील, त्यांनाही एक विनंती आहे. निवृत्तीला पाच वर्षे राहिली, की गणगोताचा विचार करता करता स्वतःचाही करा. तुम्हांला काय करावयाचे राहून गेले? कोणाला पेटी शिकावयाची असते. कोणाला एकटीने पंढरीची वारी करावयाची असते. कोणाला नुसते दुपारी दोन तास दार लावून पुस्तक वाचावयाचे असते. ही हौस लहान नाही. घेतलेले फेडावे हे खरे. पण कोणत्याही कर्जाला शेवटचा हप्ता असतो. जावेने सांभाळलेल्या एका लेकराच्या बदल्यात तुम्ही सहा लेकरे शिकवून मार्गी लावलीत, तर खाते पुरे झाले. त्यापुढे जे द्याल ते राजीखुशीने द्या, आणि राजीखुशीचे आहे हे घरालाही कळू द्या.

गणगोतासाठी जगणे हे हीन नाही. ते थोर आहे. पार्वतीबाईंच्या पाठीशी बायांचे घर होते, आणि आपल्या बाईंच्या पाठीशी त्यांची जाऊ, सासू, भाऊ होते. माणसे अशीच एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून ओढा पार करतात. मात्र खांदा देणाऱ्याचा हात मोकळा राहील, एवढे पाहावे. बाईंनी आपणांस बेरीज शिकविली, वजाबाकी शिकविली. आपल्या घरात त्यांच्याकडून काय आले आणि त्यांना काय दिले, ही बेरीज-वजाबाकी एकदा घरातल्या सर्वांनी मिळून करावी. उत्तर चुकले, तर बाई आपल्याला हसणार नाहीत. पण बाकी किती निघते, ते आपल्याला कळेल. ती बाकी त्या हिंडत्याफिरत्या आहेत तोवरच चुकती केली पाहिजे. नंतर हार घालून ती फिटत नाही.